ठिणगीचा मुलामा नव्हे, पुट

प्रश्न असा आला आहे: टायटॅनियमच्या मिश्रधातूंवर विजेच्या ठिणग्यांनी जे संरक्षक आवरण चढवतात, त्या 'इलेक्ट्रोस्पार्क कोटिंग'ला 'ठिणगीचा मुलामा' म्हणावे की 'विद्युत विलेपन'?

दोन्ही नको. 'ठिणगीचा मुलामा' हल्ली फार कानावर पडतो आणि दर वेळी खटकतो. मुलामा सोन्याचा असतो, चांदीचा असतो. जे चढते त्याचा. इथे चढते ते टंगस्टन कार्बाइडसारखे काहीतरी, ठिणगी फक्त चढवते. शिवाय मुलाम्याच्या पोटात अरबी 'लमअ' आहे, म्हणजे चकाकणे. टायटॅनियमकडे चकाकी कोण मागतो? दुसऱ्या धातूवर घासले की ते चिकटते, ओरबाडले जाते, म्हणून हा सगळा खटाटोप. आणि विलेपन चंदनाचे करावे.

माझा शब्द पुट. 'काचेवर धुळीची पुटे चढली' एवढ्यापुरताच आपण तो उरवला आहे. संस्कृतात पुट म्हणजे घडी, द्रोण. म्हणून घडीवरून थर, अशी सोपी वाट पंडित दाखवतात. मला ती मुळीच पटत नाही. रसशाळेत, म्हणजे आयुर्वेदाची भस्मे बनतात तिथे, जाऊन बघा. दोन शरावे, म्हणजे मातीच्या पसरट वाट्या, तोंडाला तोंड लावून कापडमातीने सांधली की शरावसंपुट. ते खड्ड्यात गोवऱ्यांच्या आचेत भाजले की गजपुट. पुढे त्या भाजण्यालाच पुट म्हणू लागले. शतपुटी अभ्रकभस्म म्हणजे शंभर वेळा आगीतून काढलेले. आपले 'पुट देणे' इथूनच आले, हे माझे ठाम मत. दर आचेला एक पुट.

ठिणगीचे काम हुबेहूब असेच चालते. सोव्हिएत संघात बोरिस आणि नताल्या लाझारेंको हे दाम्पत्य विजेचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी का झिजतात ते शोधत होते. त्या झिजेतूनच १९४३ मध्ये धातू कोरण्याची रीत निघाली आणि पुढे धातू चढवण्याचीही. चढवायच्या पदार्थाची कांडी विजेच्या धन टोकाला जोडतात, ते धनाग्र. त्याच्या टोकाचा कण वितळतो, टायटॅनियमवरच्या तेवढ्याच वितळलेल्या ठिपक्यात मिसळतो आणि क्षणात गोठतो. बाकीचा भाग फारसा तापतही नाही. एका फेरीत भागत नाही, म्हणून फेऱ्यांवर फेऱ्या. इतके करून जाडी सहसा काही दशक मायक्रॉनच, पण मूळ धातूत मुरलेली.

'संपुटाशिवाय पुट कसले?' असे कोणी विचारीलच. तापलेल्या टायटॅनियमला ऑक्सिजन लागू नये म्हणून हे काम कधी कधी आर्गॉन भरलेल्या बंद पेटीत करतात. ते संपुटच आहे.