आई मला विसरली, मग देवाचं काय?

एका ताईंचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हणाल्यात म्हणून थोडक्यात सांगते. मूळच्या नगरच्या, आता पिंपरीला असतात, वय ४१, लहानपणापासून चर्चच्या मंडळीत वाढलेल्या, संडेस्कूलला दहा वर्षं शिकवलेलं. आईला अल्झायमर झाला तशी नोकरी सोडून सहा वर्षं त्यांनी एकटीने आईचं सगळं केलं. शेवटची दोन वर्षं आई त्यांना ओळखत नव्हती, "ओ बाई" म्हणायची, कामाला ठेवलेली बाई समजून. आईचा दुबईला असणारा मुलगा, म्हणजे ताईंचा भाऊ, शेवटच्या बारा दिवसांसाठी आला आणि आई त्याच्याकडे बघून म्हणाली, "सोन्या आला." त्याच्या थोडं आधी एका रात्री ताई आईवर खूप ओरडल्या, मग बाथरूमचं दार लावून देवाला म्हणाल्या, हिला ने आता. तीन आठवड्यांत आई गेली. नोव्हेंबरमधे वर्ष होतंय, घरी स्मरणाची प्रार्थना आहे आणि त्यात ताईंनी देवाच्या प्रीतीबद्दल साक्ष द्यायची, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगायचा, असं घरच्यांनी परस्पर ठरवलंय. त्या लिहितात, "मावशी, सगळे म्हणतात देवाचं प्रेम समुद्राएवढं खोल आहे, मला तर ते घोट्यापर्यंत पण लागत नाही. चर्चमधे गाणं सुरू झालं की बायका डोळे पुसतात आणि मी पंख्याकडे बघत बसते. वहिनी म्हणते माझा विश्वास कमी पडतोय. रात्री तीन तीन वाजेपर्यंत झोप नाही. मी काय साक्ष देऊ?"

बाळा, सलाम.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं की हिचा प्रश्न देवाबद्दल आहे, मग लक्षात आलं की पाच पानांत तू "माझा भाऊ" असं एकदाही लिहिलेलं नाहीस, प्रत्येक वेळी "आईचा मुलगा" किंवा "आईचा लाडका". आणि तिथेच मला बायबलमधला, लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय आठवला. तू संडेस्कूलला ती गोष्ट कितीदा शिकवली असशील, उधळ्या मुलाची, वाटणी उधळून कंगाल होऊन घरी परतलेल्या धाकट्याची आणि घरीच राबलेल्या थोरल्याची, पण आपण नेहमी घाईघाईने धाकट्यापाशी जातो, डुकरं, शेंगा, बापाची मिठी, आणि बेल वाजते. थोरला शेतातच राहून जातो. तो थोरला काय म्हणतो बघ, इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, मला कधी एक करडू नाही दिलं, आणि हा "तुमचा मुलगा" आला तर लगेच मेजवानी. माझा भाऊ नाही म्हणत, तुमचा मुलगा म्हणतो. तुझीच भाषा आहे ही.

पण त्या गोष्टीत बाप दोनदा घराबाहेर येतो. धाकट्यासाठी धावत येतो हे सगळ्यांना पाठ असतं, आणि थोरला रुसून अंगणात उभा असतो तेव्हा भरल्या मेजवानीतून उठून त्याच्यासाठीही बाहेर येतो, त्याची समजूत घालतो. तो चिडून बोलत असताना बाप मधे तोडत नाही, उर्मटपणा करतोस का असं म्हणत नाही. "मुला" म्हणतो, तू कायम माझ्याजवळ आहेस आणि माझं आहे ते सगळं तुझंच आहे म्हणतो. थोरला मग आत गेला की नाही हे येशूने सांगितलंच नाही, गोष्ट तिथेच थांबते, बाप आणि मुलगा दोघं बाहेरच. तू आत्ता त्या अंगणात आहेस असं मला वाटतं, आणि आतून गाण्याचा आवाज येतोय आणि तुझा पाय उचलत नाहीये. नको उचलूस लगेच. भावाला आजच्या आज माफ कर असं मी तुला सांगणार नाही, तो वेगळा विषय आहे आणि त्याला वेळ लागेल. मला एवढंच सांगायचंय की बाप आत बसून तुझी वाट बघत नाहीये गं, तो तुझ्याशेजारी अंगणात येऊन उभा आहे.

आता ती रात्र. "हिला ने आता" म्हणालीस आणि तीन आठवड्यांत आई गेली, म्हणजे मीच मागून घेतलं हे मनात बसलंय ना तुझ्या? आई आजाराने गेली. सहा वर्षं चाललेला आजार तुझ्या एका वाक्याने पुढे सरकला नाही. आणि देवाने ते वाक्य ऐकलं असेल तर कसं ऐकलं असेल ते सांगते. एलीया संदेष्टा एवढा मोठा, तो रानात एका झुडपाखाली बसून म्हणाला की बस झालं, आता माझा जीव घे. देवाने त्याला वचन नाही ऐकवलं, विश्वास कमी पडतोय असंही नाही म्हटलं. त्याला झोपू दिलं. मग दूताने उठवून निखाऱ्यावरची भाकरी आणि पाणी दिलं, तो खाऊन परत झोपला, तर परत उठवून परत खायला दिलं, कारण पुढची वाट तुला झेपायची नाही म्हणून. पहिलं राजे, १९वा अध्याय, काढून बघ. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा मी तो भाग डायपरच्या पिशव्या आवरता आवरता मोबाईलवर वाचलेला आणि तिथेच फरशीवर बसले होते, कारण मला पहिल्यांदा वाटलं की देवाला माहितीये थकणं काय असतं. दमलेल्या माणसाच्या तोंडून जे निघतं ते देव दमलेल्या माणसाचंच समजून ऐकतो.

म्हणून आधी झोपेचं बघ. वर्ष व्हायला आलं तरी तीन वाजेपर्यंत जाग असेल तर डॉक्टरांना दाखव, त्यात विश्वासाचा काही कमीपणा नाही. आणि जगणंच नको असं वाटायला लागलं तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलतात, त्याच रात्री फोन कर, सकाळची वाट बघू नकोस.

वहिनीचं म्हणशील तर तिने इफिसकरांस पत्राचा तिसरा अध्याय परत वाचावा. देवाच्या प्रीतीची रुंदी, लांबी, उंची, खोली सगळ्यांच्या तोंडी असते, पण ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे काय करतोय? गुडघे टेकून प्रार्थना करतोय की ह्या लोकांना ते समजण्याची शक्ती मिळो. म्हणजे ते आपोआप समजत नाही, मागून घ्यावं लागतं, हे पौलालाच माहीत होतं, आणि तो स्वतः तेव्हा कैदेत होता. शिवाय तो म्हणतो "सर्व पवित्र जनांसह", सगळ्यांबरोबर समजून घ्या. एकटीने पट्टी घेऊन मोजायची गोष्ट नाही ही. तुला रडू येत नसेल तर शेजारची बाई रडतेय ना, आज ती तुझ्या वाटचं गातेय असं समज, कधीतरी ती गप्प असेल तेव्हा तू गाशील. शेवटच्या बाकावर बस, पंख्याकडे बघ, पण तिथे बस. आणि मला आपल्या मराठीचं फार बरं वाटतं की आपल्याकडे खोली म्हणजे पाण्याची खोली आणि खोली म्हणजे राहायची जागा, दोन्हीला एकच शब्द आहे. राहत्या खोलीत आपण रोज उठून भिंती मोजत नाही, तिथे झोपतो, आजारी पडतो, भांडतो, उशीत तोंड खुपसून ओरडतो, आणि तरी आपण त्या खोलीतच असतो.

पंडिता रमाबाईंचं सांगू का? त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधे झाला, आणि पुढे त्यांनीच लिहून ठेवलंय की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे कळायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं गेली. रमाबाईंना आठ वर्षं लागली! केडगावचं मुक्ती मिशन उभं करणारी, हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणणारी बाई ती, आणि आपण एका दुखवट्याच्या वर्षात कुणाच्या विश्वासाला मार्क द्यायला निघतो.

आता साक्ष. जी तुझ्याजवळ नाही ती साक्ष देऊ नकोस. भावाला सरळ फोन कर आणि सांग की मी साक्ष देणार नाही, मी वाचन करेन. आणि बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाचा ४९वा अध्याय वाच. पंधरावं वचन तुला पाठ असेल, आई आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल का, ती विसरली तरी मी तुला विसरणार नाही. हे वचन मदर्स डेच्या कार्डावर छापतात, पण छापणाऱ्यांनी नीट वाचलेलं नसतं, कारण त्यात सरळ म्हटलंय की आई विसरू शकते. तुझी विसरली. तिच्या मेंदूतून तू पुसली गेलीस, तिचा दोष नव्हता, तुझाही नव्हता, आणि सोन्या राहिला आणि तू गेलीस ह्याचं कारण तिचं प्रेम कमी होतं असं अजिबात नाही, त्या आजारात जुनं कधी कधी टिकतं आणि रोजचं जातं, आणि तू तिची रोजची होतीस. पण दुखतं ते दुखतंच. देवाला ते माहीत असल्यासारखं ते वचन आहे बघ, ती विसरली तरी. आणि पुढे सोळाव्यात, मी तुला माझ्या तळहातांवर कोरून ठेवलंय. आपल्या आज्यांच्या हातावर गोंदण असायचं ना, त्यांना स्वतःचं नाव आठवेनासं झालं तरी ते हिरवं गोंदण जात नव्हतं. तसं. आणि येशूने मेलेल्यांतून उठल्यानंतर थोमाला, त्याच्या शंका घेणाऱ्या शिष्याला, काय दाखवलं, हातच दाखवले, पुनरुत्थान झालं तरी खिळ्यांचे व्रण तसेच होते. मला देवाच्या प्रीतीची खोली कुणी विचारली तर मी तेवढीच दाखवू शकते, त्या व्रणाएवढी.

फक्त एक कर, वाचन पंधराव्या वचनापासून सुरू करू नकोस, चौदाव्यापासून कर. तिथे सियोन, म्हणजे यरुशलेम नगरी, म्हणते की परमेश्वराने मला सोडलंय, प्रभू मला विसरलाय. ते वाक्य तुझ्या आवाजात मोठ्याने वाच, सगळ्या पाहुण्यांसमोर, सावकाश. मग थांबावंसं वाटलं तर थांब. पुढची दोन वचनं तुझ्याने वाचवली नाहीत तर पुस्तक शेजारच्याच्या हातात दे, तो कुणीही असो, दुबईहून आलेला असला तरी चालेल.

तुझी मावशी