देणगी समितीत नव्याने आलेल्यांना

समितीत आलात, फार बरं वाटलं. संस्थांकडून अहवाल मागण्याआधी आपण त्यांना काय सांगायला बांधील आहोत, ते पाहा. अर्ज का नाकारला, पैसे कधी मिळतील, पुढच्या वर्षी मदत चालू राहील का, हे लेखी कळवायलाच हवं. हिशेब फक्त घेणाऱ्याने द्यायचा, ही रीत मला मुळीच पटत नाही.

शक्य तिथे रक्कम एकाच प्रकल्पाला बांधू नका. पगार, भाडं, हिशेबनीस यांवरचा खर्च म्हणजे उधळपट्टी नव्हे. अमेरिकी देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांनी २०२० पासून शेकडो संस्थांना अशा बंधनमुक्त मोठ्या रकमा दिल्या आहेत.

आणि ज्यांच्यासाठी पैसा आहे, ती माणसं निर्णयाच्या बैठकीत हवीत. मताधिकारासह, नुसती निमंत्रित म्हणून नव्हे. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी परिषदेत बड्या देणगीदारांनी आणि मदतसंस्थांनी २०२० पर्यंत किमान २५ टक्के मानवतावादी निधी (म्हणजे संकटग्रस्तांच्या मदतीचा पैसा) स्थानिक संस्थांपर्यंत शक्य तितका थेट पोचवायचं कबूल केलं. करार बंधनकारक नव्हता. मुदत उलटली, आकडा गाठला गेला नाही. नुसत्या कबुलीवर भागत नाही, म्हणून आपल्या नियमावलीत मताधिकाराचं कलम स्पष्ट लिहून घ्या. विरोध होईल, तरी पहिल्याच बैठकीत मांडा.