शकीरा ऐकायची तर सुरुवात कुठून?

२००१ चा बहुतांशी इंग्रजी अल्बम सध्या बाजूला ठेव. नवीन माणसं तिथूनच शिरतात आणि तिची आधीची स्पॅनिश गाणी राहूनच जातात. १९९१ चा 'माखिया'ही आत्ता नको. तेव्हा ती जेमतेम १४ वर्षांची होती.

- आधी 'पिएस देस्काल्सोस', १९९५.
- मग १९९८ चा 'दोंदे एस्तान लोस लाद्रोनेस', सलग, क्रमानेच. शेवटचं 'ओहोस आसी' मोठ्या आवाजात लाव. मध्येच अरबी ओळी येतात. वडिलांकडचं लेबनीज मूळ तिथे स्वच्छ ऐकू येतं.
- नंतर १९९९ मध्ये न्यूयॉर्कला रेकॉर्ड झालेला अनप्लग्ड, म्हणजे मुख्यतः अकूस्टिक वाद्यांवरचा लाइव्ह अल्बम. 'सिएगा, सोर्दोमुदा'ला मारियाची, म्हणजे मेक्सिकन लोकसंगीताच्या वादकांची साथ आहे, ट्रम्पेट घुमले की गाणं नव्यानेच भेटतं!

स्पॅनिश येत नाही म्हणून अडून बसू नकोस. अर्थ दुसऱ्या खेपेला बघ.