जाखडीच्या मंडळाची तिजोरी रिकामी, अध्यक्षाने स्वतःचे पैसे घालावेत का?

प्रश्न : ताई नमस्कार. आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात, पण निम्मी वाडी आता नालासोपारा, विरार, दिवा इकडेच. वाडीचं जाखडीचं, म्हणजे कोकणातल्या गोल धरून नाचायच्या नाचाचं, मंडळ आहे, ट्रस्ट म्हणून रजिस्टर आहे. गेल्या वर्षी अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं, दुसरं कोणी तयारच नव्हतं. परळचं दामोदर नाट्यगृह बंद झाल्यापासून हॉलसाठी वणवण आहे. शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे दोन मंडळांच्या सवाल-जवाबाचे, दोन सामने लावले, दोन्हीला पब्लिक चांगली होती तरी ३८ हजारांचा खड्डा पडला. साऊंडवाल्याचे १२ हजार अजून द्यायचेत. वर्गणी निम्मे लोक देत नाहीत आणि पोरांना गणपतीला नवीन ड्रेस पाहिजेत. कमिटी म्हणते, अध्यक्ष आहेस तर तूर्तास तू भर, मंडळ नंतर देईल. भरू का?
– एक अध्यक्ष, विरार

उत्तर : दादा, भरू नका. निदान 'नंतर देईल' या बोलीवर तर अजिबात नको. तुमचं मंडळ रजिस्टर ट्रस्ट आहे ना, मग महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यातलं कलम ३६-अ वाचा, ट्रस्टसाठी कर्ज घ्यायचं तर विश्वस्ताला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. ती न घेता तुम्ही उसने म्हणून पैसे घातले तर उद्या कमिटी बदलल्यावर तुमचे पैसे कुठल्या कागदावर दिसणार? द्यायचेच असतील तर जेवढे गेले तरी घरात भांडण होणार नाही तेवढे देणगी म्हणून द्या, पावती फाडा आणि विसरून जा.

आता खरा मुद्दा. हॉल भरला होता आणि तरी तोटा झाला असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे भोक वर्गणीत नाही, प्रवेशिकांत, म्हणजे तिकिटांत आहे. दरवेळी काय होतं ते सांगते, बघा जुळतंय का. देणगी प्रवेशिकांची पुस्तकं छापून येतात, तालमीच्या दिवशी ज्याच्या त्याच्या हातात दिली जातात, घे रे तू दोन पुस्तकं, तुझ्या कंपनीत खपतील. कुणाला कितवं पुस्तक दिलं ते कुठेच लिहिलेलं नसतं. मग तो मेहुण्याला चार फुकट देतो, बॉसला दोन देतो, सहाचे पैसे येतात ते सामन्याच्या रात्री चहापाण्यात जातात आणि उरलेलं कोरं पुस्तक कपाटात पडून राहतं. पुढच्या मीटिंगला विचारायला गेलं की 'माझ्यावर संशय घेतोस काय' म्हणून राडा. संशयाचा प्रश्नच नाही हो, नंबर घालून पुस्तक द्यायचं, वहीत सही घ्यायची, आणि सामन्याच्या आदल्या रविवारी पैसे नाहीतर कोरी पानं परत. ज्याचा हिशोब आला नाही त्याला पुढच्या वेळी पुस्तक नाही, मग तो खजिनदाराचा सख्खा भाऊ असला तरी. फुकट पास द्यायचेत? द्या की, पण किती द्यायचे ते कमिटीने आधी ठरवायचं.

दुसरं, सामना म्हटलं की दोन मंडळं आलीच, एक शक्तीवाले एक तुरेवाले. मग हॉलचं भाडं, साऊंड, बॅनर एकट्या तुमच्याच डोक्यावर का? आयोजक आम्ही म्हणजे मान आमचा, हे ठीक आहे, पण त्या मानाचे पैसे लागतात. समोरच्या मंडळाच्या बुवांशी, म्हणजे मुख्य गायकाशी बोला, खर्च निम्मा-निम्मा, उत्पन्न निम्मं-निम्मं, आणि तोटा झाला तर तोही निम्मा, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या. स्टेजवर एकमेकांना सवाल टाकून घाम फोडा, हिशोबात मात्र एकत्र राहा.

आणि थोडं कडू बोलते. मंडळ तोट्यात नाहीये, तुमचा मुंबईतला स्टेज शो तोट्यात आहे. गावच्या नाचाला लागतं काय? मध्ये बुवा, ढोलकीवाला, झांज, भोवती गोल धरून पोरं, उजव्या पायात घुंगरांचे चाळ. घराघरात गणपतीपुढे गण झाला, गौळण झाली, घरमालक बिदागी आणि नारळ देतो. त्या नाचाने मंडळ कधी बुडालेलं मी तरी ऐकलं नाही. दामोदर शंभर वर्षांचं होतं, २०२३ च्या नोव्हेंबरात पुनर्विकासासाठी बंद झालं. गिरणगावातला कोकणी माणूस तिथे चालत यायचा, आता तोच माणूस विरारहून लोकल पकडून परत जायची शेवटची गाडी बघतो. तेव्हाचं गणित आता चालायचं नाही. एक वर्ष मुंबईत सामना लावूच नका. वसई-नालासोपारा भागात एखाद्या शाळेचं पटांगण रविवारी दुपारी मिळतंय का बघा, लायटिंगचा खर्चही वाचेल. ड्रेस मागच्याच वर्षीचे धुऊन इस्त्री करून घ्या, फाटलेले तेवढे शिवा. पोरं कुरकुरतील, पण चाळ तुटलेले असतील तर ते आधी घ्या, त्याशिवाय नाच नाही.

साऊंडवाल्याला आजच फोन करा. तो टाळाटाळीने चिडतो. महिन्याला ३ हजार देतो म्हणा, चार महिन्यांत मोकळे. आणि येत्या रविवारी मीटिंग बोलवा, नुसती कमिटीची नाही, सगळ्यांची, बायकांचीसुद्धा (वर्गणी घरातून कोण काढून देतं ते तुम्हाला माहितीये). ३८ हजार कुठे गेले ते फळ्यावर लिहा. लोक वर्गणी देत नाहीत कारण मागच्या वर्गणीचं काय झालं ते त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

प्रश्न : आमच्या वाडीतला एक मुलगा दुबईला आहे, मंडळाला २५ हजार पाठवतो म्हणतोय. कोणीतरी म्हणालं परदेशी पैसा घेतला तर केस होते. घ्यावे का?
– खजिनदार, दिवा

उत्तर : त्याचा पासपोर्ट भारताचा आहे ना आणि पैसे त्याच्या स्वतःच्या कमाईचे आहेत ना? मग ते बँकेतून सरळ मंडळाच्या खात्यात येऊ देत, एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या भाषेत ती परदेशी देणगी धरत नाहीत. पासपोर्टची झेरॉक्स फाईलला लावून ठेवा. मात्र तो राहतो परदेशात आणि नागरिकत्वही तिकडचं घेतलंय, किंवा पैसे त्याची तिकडची कंपनी देतेय, तर एफसीआरएची नोंदणी किंवा आधी परवानगी असल्याशिवाय हात लावू नका. आणि हो, मंडळाच्या खात्यात म्हणजे मंडळाच्याच. तुमच्या गूगल पे वर नाही.

प्रश्न : आमचे ढोलकीवाले काका ६७ वर्षांचे, पाऊण आयुष्य मंडळात वाजवलं. आता हात थरथरतात. मंडळाकडे द्यायला काही नाही. सरकारकडून काही मिळतं का?
– वाचक, चिपळूण

उत्तर : राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची, २०२४ पासून महिना ५ हजार रुपये. वय ५० च्या वर हवं आणि उत्पन्नाची मर्यादा आहे, त्यामुळे तहसीलदारांचा दाखला आधी काढा. चौकशी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात. काका कलाकार आहेत याचा पुरावा मागतात, तिथेच लोकांचं अडतं. जुनी पॅम्प्लेटं, ज्यावर त्यांचं नाव छापलंय, पेपरातली कात्रणं, फोटो, सगळं गोळा करा आणि मंडळाच्या लेटरहेडवर कधीपासून वाजवतात ते लिहून द्या. दरवर्षी निवड थोड्याच जणांची होते, पहिल्यांदा नाव आलं नाही तर पुन्हा अर्ज करा.