तोडू नका, ते तामण आहे!

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या झाडाला मे महिन्यात जांभळे तुरे आले. जानेवारीत पानं तांबूस होऊन गळाली. वाळलं म्हणून तोडायचं चाललंय. कोणतं झाड असेल?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : ताई, कृपा करून तोडू देऊ नका! वर्णनावरून हे तामण, आपलं राज्यपुष्प. पाकळी क्रेप कागदासारखी चुरगळलेली, बुडाशी बारीक देठ. फांद्यांवर काळपट बोंडं अजून असतील. आत पंखवाल्या बिया. पानगळ त्याचा स्वभावच. डहाळी नखाने खरवडा, आत हिरवं दिसलं की झाड जिवंत. कोकणात ते ओढ्याकाठी वाढतं, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी द्याच. फुलं नव्या फुटव्याच्या टोकाला येतात. छाटायचंच तर फेब्रुवारीत, पालवीआधी, तेही हलक्या हाताने.