शिंप्याकडे जाण्याआधी एवढं वाचा

ताई, ऑगस्टअखेर चिपळूणहून इंग्लंडला येताय, मुलगा पाच वर्षांचा, मुलगी आठची, आणि दोघांचे युनिफॉर्म आपल्या शिंप्याकडून शिवून आणू का, असं विचारलंत. नका आणू. मी गुहागरची, माझी दोन्ही मुलं इथल्या प्रायमरीत आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रवेश कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून होतो. घराजवळच्या शाळेत जागा नसेल तर दुसरी शाळा देतात. एकीचा स्वेटशर्ट लाल, तर दुसरीचा निळा. त्यामुळे शाळेचं नाव पक्कं होईपर्यंत लोगोचं काहीच घेऊ नका. बाकी पांढरे पोलो शर्ट, करडी पँट, मुलींचा पिनाफोर (शर्टावर घालायचा बिनबाह्यांचा फ्रॉक), उन्हाळ्यातला चौकटीचा फ्रॉक हे सगळं टेस्को, अ‍ॅस्डा, सेन्सबरीजमध्ये दूध-भाजीबरोबर मिळतं. लहान मुलांच्या कपड्यांवर नि बुटांवर व्हॅट नाही, मोठ्यांच्या कपड्यांवर तो २० टक्के आहे. शिवाय २०२१ च्या कायद्यानंतर लोगोच्या वस्तू कमीत कमी ठेवा, असं सरकारनेच शाळांना बजावलंय. पालकांची संघटना वापरलेले स्वेटशर्ट अगदी किरकोळ पैशांत विकते. खुशाल घ्या, इथे त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

मुलाची पँट इलॅस्टिकची आणि काळे बूट वेल्क्रोचे बघा. पीटीच्या तासाला वर्गातच कपडे बदलायचे असतील तर बटणं लावून द्यायला तीस मुलांमागे बाई किती पुरणार? बऱ्याच शाळांत आता त्या दिवशी घरूनच पीटीच्या कपड्यांत पाठवतात, तसं असेल तर सुटलात.

नाव मात्र प्रत्येक वस्तूवर घाला. मोज्यांवरसुद्धा. दुपारी मैदानात ऊन पडलं की सगळी पोरं स्वेटशर्ट काढून कुंपणावर टाकतात. एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या त्या ढिगातून आपला कसा ओळखणार? कपड्याच्या आतल्या पट्टीवर न पुसणाऱ्या पेनाने आडनाव लिहिलं तरी चालतं.

मुलीच्या बांगड्या, पैंजण, सोन्याची साखळी घरीच ठेवा. कानात बारीक कुड्या बहुतेक शाळांत चालतात, पीटीला त्याही काढायला लावतात. टिकली, मेंदी, काळा दोरा याबद्दल प्रत्येक शाळेचं धोरण वेगळं, ऑफिसात सरळ विचारा, कुणी रागावत नाही. लांब केस बांधलेलेच हवेत. (उवांच्या चिठ्ठ्या इथेही घरी येतात, निर्धास्त राहू नका!)

थंडीच्या भीतीने आजी दोन-दोन स्वेटर चढवेल. वर्गात हीटर असतो, पोरं घामाघूम होतात. पैसे घालायचे तर टोपीच्या, पाणी न झिरपणाऱ्या कोटात घाला. आपल्यासारखा मुसळधार नाही, पण रिपरिप बारा महिने असते आणि भुरभुरीत मुलांना खेळायला बाहेर सोडतात. छत्री शाळेत निरुपयोगी.

मधूनमधून युनिफॉर्मला सुट्टीही असते. मार्चच्या पहिल्या गुरुवारी वर्ल्ड बुक डे, तेव्हा पुस्तकातलं पात्र बनून जायचं. एखाद्या दिवशी एक पौंड दान देऊन हवे ते कपडे. काही शाळांत आपापल्या देशाच्या पोशाखाचा दिवस असतो. शिंप्याकडे जायचंच असेल तर त्यासाठी जा. मुलीला खणाचं परकर-पोलकं, मुलाला झब्बा, आणि आत माया भरपूर सोडायला सांगा, उसवून वाढवता येईल.