कळवळा येतो, करता येत नाही

प्रश्न असा आला आहे : ‘आमच्या चर्चच्या मंडळीत आजारी आणि एकट्या पडलेल्या माणसांच्या घरभेटींसाठी एक गट सुरू होतोय. धान्य-पैशांची मदत दुसरा गट बघतो, आम्ही फक्त जाऊन बसायचं, बोलायचं, प्रार्थना करायची. पत्रकात “गरजूंवर दया” असं छापायचं ठरलंय. मला ते खटकतं. “कळवळा” चालेल का? की दोन्ही एकच?’

एकच नाहीत. नुसती क्रियापदं लावून बघा. दया येते, तशी ती करताही येते, दाखवता येते, भाकता येते. कळवळा येतो, वाटतो, असतो. ‘कळवळा करा’ असं कोणी म्हणत नाही. शिवाय दयेमागे बहुधा ‘वर’ येतो. गरजूंवर, गरिबांवर. तुम्हाला खटकलं ते बहुतेक हेच. कळवळा गरजूंचा येतो किंवा त्यांच्याविषयी वाटतो, तिथे वरून खाली बघणं नाही.

आणखी एक गंमत. ‘कळवळणे’ हे मुळात दुखणाऱ्याचं क्रियापद आहे. पोटदुखीनं पोर कळवळतं. ते बघून आईही कळवळते. दुखणं एकाचं, क्रियापद मात्र दोघांनाही तेच!

मराठी बायबलमध्ये येशूला लोकसमुदायाचा ‘कळवळा’ येतो, तिथे मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आलेलं आहे. आपल्याकडेही आतडं तुटतं, पोटात कालवतं. तेव्हा ‘कळवळा’ अगदी चपखल बसला आहे. मार्काच्या शुभवर्तमानातल्या पहिल्या अध्यायातला कुष्ठरोगी घ्या. येशूला त्याचा कळवळा येतो, तो हात पुढे करून त्याला शिवतो, आणि मग ‘शुद्ध हो’ म्हणतो. ज्याला शिवायचंच नाही, त्याला आधी स्पर्श आणि नंतर शब्द. लूकच्या शुभवर्तमानात येशूनं सांगितलेल्या दाखल्यातला, म्हणजे बोधकथेतला, शोमरोनी (शोमरोन प्रांतातला वाटसरू) असाच. कळवळा आल्यावर तो जखमी माणसाजवळ जातो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्या बांधतो, त्याला स्वतःच्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेऊन त्याची देखभाल करतो. पैसे निघतात ते दुसऱ्या दिवशी, तेही उतारशाळेच्या मालकाच्या हातावर ठेवायला. तुमच्या गटाचं काम पहिल्या दिवसाचं आहे म्हणा ना.

हा शब्द काही मिशनऱ्यांनी आणलेला नव्हे. ‘ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभाविण प्रीती’ हे तुकोबांचं वचन त्याआधीच घरोघरी होतं. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत. त्या पुलावरचाच हा शब्द.

कळवळा नुसता वाटून थांबत नाही, हे पंडिता रमाबाईंकडे बघून कळतं. त्यांनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणि विधवा आणल्या. केडगावच्या आपल्या मुक्ती मिशन या आश्रमात त्यांना नुसतं जेवू घातलं नाही. लिहायला-वाचायला शिकवलं, विणकाम आणि छापखान्यातलं काम हाती दिलं. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल मुक्ती मिशनच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून छापलं गेलं.

‘दया’ शब्दाला वाईट ठरवायचं कारण नाही. बायबलमधला, यरीहोच्या वाटेवरचा आंधळा बार्तीमय येशूला ‘माझ्यावर दया करा’ असंच ओरडतो. मागणाऱ्याच्या तोंडी तो शब्द शोभतो. देणाऱ्यानं स्वतःच्याच पत्रकावर छापला की अवघडल्यासारखं होतं.

पण थांबा, ‘कळवळा’ही मथळ्यात नको. निवडणुकीच्या बातम्यांनी त्याची पार रया घालवली आहे. ‘शेतकऱ्यांचा एकदम कळवळा आला’ हे वाक्य आता सरळ अर्थानं वाचलंच जात नाही. आणि आपल्याला कळवळा आहे हे आपणच सांगायचं, तर ऐकणारा आधी हसणार. पत्रकावर ‘आजारी आणि एकट्या माणसांच्या भेटीला’ एवढंच लिहा, खाली भेटीचा वार आणि वेळ घाला. ‘कळवळा’ पाळकांच्या उपदेशासाठी राहू द्या.